तुम्ही विचारलंत म्हणून: सादळणं आणि मोडणं

२०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मॉफ या पदार्थांसाठी जाहीर झालं, तेव्हापासून घरच्या कार्यातसुद्धा मला एक प्रश्न हमखास येतो. "तुमचे ते मॉफ वाळवंटातल्या हवेतून पाणी ओढतात म्हणे. मग पावसाळ्यात त्यांना ओल लागू नये म्हणून एवढी धावपळ कशाला?"

प्रश्न नेमका आहे. मॉफ, म्हणजे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, डोळ्यासमोर आणायचा तर मांडवाचा सांगाडा आठवा. बांबू म्हणजे सेंद्रिय रेणू, गाठी म्हणजे धातूचे अणू आणि आत सगळी मोकळी जागा. मॉफ-५ या जस्ताच्या मॉफच्या ग्रॅमभर पुडीत आतला पृष्ठभाग भरतो तीस गुंठ्यांच्या आसपास, नीट जपलेल्या नमुन्यात त्याहूनही जास्त. पाणी बांबूंना धक्का लावत नाही. ते गाठी सोडवतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यातल्या एका जुलैत. मॉफ-५चे स्फटिक काचेच्या चौकोनी कणांसारखे नितळ दिसतात. त्यातले थोडे घड्याळकाचेवर काढले आणि दुसऱ्या कामात अडकले. परत येऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर आकार तसाच चौकोनी, पण कण दुधी झालेले, अंगावर बारीक चिरा. क्ष-किरणांच्या आलेखात (त्यातल्या शिखरांच्या जागांवरून आतली रचना कळते) ६.८ अंशांजवळचं उंच शिखर खचलं होतं आणि ८.९ अंशांवर नवंच एक उगवलं होतं. बाहेरून स्फटिक, आत दुसराच पदार्थ.

कारण गाठीत आहे. मॉफ-५मध्ये जस्ताच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चारच अणू असतात. पाण्याच्या रेणूला तिथे शिरायला वाव मिळतो. त्याचा ऑक्सिजन जस्ताला धरतो आणि टेरेफ्थॅलिक आम्लाची (ज्यापासून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या बनतात तेच) दांडी सुटते. अशा पुरेशा गाठी सुटल्या की पोकळी बुजते.

आता तांब्याचा एक मॉफ, एचकेयूएसटी-१, बघा. तापवून कोरडा केला की गडद जांभळट निळा. झाकण उघडलं की बघता बघता आकाशी होतो, कारण पाणी तांब्याच्या मोकळ्या जागेवर जाऊन बसतं. पुन्हा निर्वातात तापवा, गडद रंग परत येतो. पापड सादळला आणि ऊन दाखवल्यावर पुन्हा कडक झाला, तसं. पण दमट हवेत तोही फार दिवस ठेवला तर हळूहळू मोडतो. लोक सादळणं आणि मोडणं एकच समजतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. वाळवंटात पाणी काढणारा मॉफ रात्री सादळतो आणि दिवसा उन्हात ते पाणी सोडतो. त्याचं कामच ते. फक्त त्याची गाठ सुटता कामा नये. ॲरिझोनात वाळवंटी हवेतून पाणी काढण्याच्या प्रयोगात वापरलेला मॉफ-८०१ झिर्कोनियमचा आहे. झिर्कोनियमवरचा धनभार जास्त, त्यामुळे ऑक्सिजनवरची पकड घट्ट, आणि एकेका गाठीला बारा दांड्या बांधलेल्या. ओस्लोत तयार झालेला यूआयओ-६६ याच कुळातला.

जस्त वाईट असं मात्र म्हणू नका. झेडआयएफ-८ हा मॉफही जस्ताचाच, पण त्यात गाठ नायट्रोजनशी आहे आणि पोकळ्या पाण्याला जवळ करत नाहीत. तो उकळत्या पाण्यातही टिकतो.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मोठ्या पोकळ्यांचे काही झिर्कोनियम मॉफ पाण्यात ठणठणीत राहतात आणि वाळताना ढासळतात. पोकळीतून बाहेर पडणारं पाणी पृष्ठताणामुळे भिंती आत ओढतं. अशा वेळी आधी ॲसिटोनने धुऊन मग वाळवलं तर सांगाडा वाचतो. म्हणजे दोष रसायनाचा नसून सुकवण्याचा होता, आणि आम्ही चांगला पदार्थ नापास करून मोकळे झालो होतो.

म्हणून कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजलेला क्षेत्रफळाचा आकडा कुणी अभिमानाने दाखवला की मी आधी विचारते, ओल किती होती? मॉफ जिथे वापरायचे त्या धुराड्यातल्या वायूत वाफ असते, आपल्या हवेत तर असतेच. माझ्याकडचे विद्यार्थी आता प्रत्येक नव्या नमुन्याची चिमूटभर पूड मिठाच्या संपृक्त द्रावणाशेजारी बंद बरणीत ठेवतात. तिथे आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. आठवड्याने पुन्हा क्ष-किरण. आज सकाळीच एक बरणी उघडली. शिखर जागेवर होतं.