थंडीत कुत्रं फिरवायला कोणते बूट घ्यावेत

डिसेंबरात पहाटे कोल्हापूरच्या शिंगणापूर बंधाऱ्याच्या बाजूला कुत्रं घेऊन निघालं की आभाळ कोरडं ठणठणीत असतं आणि पाय मात्र दहा मिनिटांत भिजलेले असतात. पाऊस केव्हाच गेलेला असतो. हे पाणी दवाचं, पाटाचं आणि बंधाऱ्याचं. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं आणि काठचा चिखल लवकर वाळायचं नाव घेत नाही. त्यात शेजारच्या उसाला पाणी सोडलेलं असलं तर बांधावरची पायवाटही चिखलाचीच. वॉटरप्रूफ बुटांबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक बर्फाच्या मुलखातलं असतं. तिथे थंडीपासून पाय वाचवायचा असतो. आपल्याकडे थंडीत पहाटेचं तापमान साधारण 14-15 अंशांवर असतं, फार गारठा पडला तर आणखी थोडं खाली. त्यामुळे आत लोकर किंवा निओप्रीनचा (फोमसारख्या रबराचा) जाड थर असलेले बूट इथे घेऊ नयेत. अर्ध्या तासात पाय घामाने भिजतो, मग बाहेरचं पाणी अडवून उपयोग काय?

रंकाळ्याच्या फरसबंदीवर किंवा कॉलनीतल्या डांबरी रस्त्यावरच फेरी असेल तर यातलं काहीच लागत नाही. साधे स्पोर्ट शूज घाला आणि पैसे वाचवा. पुढचं सगळं शेतवाट, नदीकाठ आणि पन्हाळ्याच्या पायथ्याचं गवत तुडवणाऱ्यांसाठी.

पहिला प्रश्न उंचीचा. बुटात पाणी तळातून किंवा शिवणीतून शिरतं असं बहुतेकांना वाटतं. दवाच्या गवतात ते वरून येतं. गुडघाभर गवतातून चाललं की पँट पोटरीपर्यंत चिंब होते, पँटचं पाणी मोज्याला लागतं आणि मोजा दिव्याच्या वातीसारखं ते ओढून तळव्यापर्यंत नेतो. घोट्यापर्यंतचा बूट कितीही वॉटरप्रूफ असला तरी असा अर्ध्या तासात भरतो, आणि एकदा आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, कारण बूट वॉटरप्रूफ आहे! म्हणून आधी आपल्या रोजच्या वाटेवरचं गवत किती उंच आहे ते बघा. घोट्याखालचं असेल तर 15-16 सेंटिमीटर उंचीचा ट्रेकिंग बूट चालतो. त्यापेक्षा उंच असेल तर 25 ते 30 सेंटिमीटरचा, म्हणजे अर्ध्या पोटरीच्या वर जाणारा गमबूट घ्या. गुडघ्यापर्यंतचा पूर्ण गमबूट चिखल काढणाऱ्याला ठीक. तासभर भरभर चालायचं असेल तर तो पोटरीवर घासतो आणि आतली गरम हवा कोंडून ठेवतो.

पँट कुठे ठेवायची हेही बुटावर ठरतं. गमबूट असेल तर पँट आत खोचा. ट्रेकिंग बूट असेल तर पावसाळी पँट बुटावरून खाली सोडा किंवा गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीला बांधायचं आवरण, बांधा, म्हणजे ओघळ बाहेर पडतो. यात उलटापालट झाली की महागातला बूटही फुकट जातो.

आता साहित्य. बाजारात तीन जाती दिसतात. पीव्हीसीचा गमबूट सगळ्यात स्वस्त; एमआयडीसीतल्या कामगारांसाठी सेफ्टीचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत आणि शेती साहित्याच्या दुकानांत तो मिळतो. हा एकाच साच्यात ओतलेला असतो, बाजूने साच्याची बारीक रेघ दिसते. शिवण नाही, त्यामुळे नवा असताना गळायचा प्रश्नच नाही. दोष एकच, तो बोटांच्या मागे, जिथे पाय वाकतो तिथे चिरतो. दुकानात बूट हाताने त्याच जागी दुमडून बघा. दुमडीवर पांढरी रेघ उमटली आणि सोडल्यावरही तशीच राहिली तर तो घेऊ नका. पीव्हीसीच्या औद्योगिक बुटासाठी आयएस 12254 आणि रबराच्या गमबुटासाठी आयएस 5557 हे भारतीय मानक आहे. तळव्यावर किंवा आतल्या बाजूला शिक्का शोधा.

दुसरी जात खऱ्या रबराची. हा पट्ट्या चिकटवून, भट्टीत पक्का केलेला असतो, आत कापडाचं अस्तर असतं, हाताला मऊ लागतो आणि पायाबरोबर वाकतो. चालण्यासाठी हाच उत्तम. काही दिवसांनी त्यावर पांढरट भुकटी येते, ती बुरशी नव्हे. रबरातली रसायनं वर येतात, ओल्या फडक्याने पुसली की झालं. रबराचा खरा वैरी ऊन. गॅलरीत कायम उन्हात ठेवलेला रबरी बूट न वापरताही तडकतो.

तिसरी जात गोअर-टेक्ससारखा पातळ पडदा असलेल्या ट्रेकिंग बुटांची. किंमत चार-पाच हजारांपासून पुढे कितीही. या पडद्यातून पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते, हे खरं आहे. पण वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि दमट असावी लागते. धुक्याच्या पहाटे बाहेरची हवाच दमट असते, म्हणून हा गुण कमी पडतो. वर जर बाहेरचं कापड पाणी पिऊन बसलं तर वाफेची वाट बंदच. नव्या बुटावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. ते घरंगळायचे थांबले की पडदा फाटला असं समजू नका, बाहेरचा पाणी झटकणारा थर झिजला आहे. कोमट पाण्याने चिखल धुऊन त्याचा स्प्रे मारला की काम होतं. कपड्यांची पावडर मात्र वापरू नका. तिचा अंश राहतो आणि तोच पाणी ओढतो.

या बुटात दुकानात बघायची एक जागा म्हणजे जीभ. लेस सैल करून जीभ पुढे ओढा. ती दोन्ही बाजूंनी बुटाला कापडाने जोडलेली असते. तो जोड जिथे संपतो, तिथपर्यंतच बूट वॉटरप्रूफ. कित्येक बुटांत तो मध्यावरच संपतो आणि डबक्यात पाय पडला की पाणी तिथून आत येतं.

चामड्याबद्दल कोल्हापुरात वेगळं सांगायला नको, पण एक गफलत नेहमी होते. आपलं कोल्हापुरी पायताण झाडाच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्याचं असतं. ते पाणी पितं, फुगतं आणि टाके सैल पडतात. पायताणाला तेल पाजायची सवय असते म्हणून तेच तेल बुटालाही पाजलं जातं. बुटाचं चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं. तेल जास्त झालं की ते नको इतकं मऊ पडतं आणि तळाचा डिंक सुटतो. मेणाचं पॉलिश, तेही पातळ हाताने, एवढंच.

तळ बघताना लोक नक्षी खोल आहे की नाही तेवढंच बघतात. काळ्या मातीत नुसती खोली कामाची नाही. दातांमधलं अंतर कमी असेल तर चिखल तिथे थापला जातो, तळ सपाट होतो आणि प्रत्येक पावलाला अर्धा किलो वजन घेऊन चालावं लागतं. दात 4-5 मिलिमीटर खोल आणि दोन दातांत करंगळीचं टोक बसेल इतकी जागा असावी. मग पाय आपटला की माती सुटते. उलट नदीघाटाच्या शेवाळलेल्या दगडावर किंवा पन्हाळ्याच्या ओल्या कातळावर मोठे दात घसरतात, कारण दगडाला टेकणारं रबर कमी असतं. तिथे रबर मऊ हवं. तळाच्या दातात नख रुतवून बघा. किंचितही दबत नसेल तर तो बूट घाटावर नको.

टाच वेगळी हवी. तळ सपाट एकसलग नको. टाचेच्या पुढच्या बाजूला निदान 1 सेंटिमीटरची उभी पायरी असावी. कुत्र्याने समोर मांजर बघून हिसका मारला की माणूस टाच रोवूनच थांबतो, आणि उतारावर ती पायरी नसेल तर घसरत खाली जातो. कॅरव्हान हाउंडसारखं वेगाचं किंवा लॅब्राडोरसारखं वजनदार कुत्रं असेल तर हा मुद्दा किमतीच्याही आधी बघा.

गळीत हंगामात आणखी एक धोका असतो. तोडलेल्या उसाचे बुडखे तिरके आणि धारदार राहतात, वर पाचट पसरलेलं, त्यामुळे दिसत नाहीत. पीव्हीसीचा तळ बाभळीच्या काट्यालाही पुरा पडत नाही. फडातून जायचंच असेल तर एस 5 खुणेचा सेफ्टी गमबूट बघा. त्यात तळाला भोक न पडू देणारा पत्रा किंवा कापडी थर असतो. मात्र पुढे बोटांवर कडक टोपीही असते, ती जड आणि गार लागते. नुसत्या बांधावरून फिरणाऱ्याने हे ओझं घेऊ नये. पोटरीपर्यंतच्या जाड बुटाचा दुसरा फायदा म्हणजे घोणस. थंडीतही ती उसात आणि पाचटात असते. बुटामुळे धोका कमी होतो, संपत नाही, तेव्हा अंधारात बॅटरी हवीच.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे घालणार तेच घेऊन जा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं, दोन्ही पायांचं, आणि मोठा पाय धरायचा. 8 नंबर, 9 नंबर यावर जाऊ नका. कंपनीगणिक फरक पडतो. बुटातला आतला सोल काढून त्यावर उभे राहा: बोटांपुढे 1 ते दीड सेंटिमीटर मोकळं हवं. गमबुटात टाच थोडी उचलली जातेच. बोटभरापेक्षा जास्त उचलत असेल तर एक नंबर खाली या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात फोड. पोटरीपाशी पँट खोचून दोन बोटं जावीत. याहून सैल तोंडातून कुसळं आत जातात आणि मोज्यात अडकतात.

नवा बूट चिखलात नेण्याआधी घरी तपासा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, कापडात गुंडाळलेला दगड ठेवून बूट बादलीत उभा करा, पाणी जिभेच्या जोडाच्या 2 सेंटिमीटर खाली राहू द्या. अर्ध्या तासाने कागद काढा. ओला भाग दिसला की गळती कुठे ते कळतं. जुन्या गमबुटाचं उलटं करायचं: बाहेरून कोरडा पुसून आत पाणी भरायचं आणि थेंब कुठे येतो ते बघायचं. रबरी बुटाचं भोक सायकलचं पंक्चर काढतात तसं घासून, सोल्युशन लावून बुजवता येतं. पीव्हीसीला ते सोल्युशन धरत नाही, त्याला विनाइलचा वेगळा डिंक लागतो.

सेलमध्ये मिळणाऱ्या ट्रेकिंग बुटांची एक मेख आहे. मधला थर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असेल तर तो दमट हवेत आपोआप कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा, आणि चार वर्षं गोदामात पडलेला तो तिसऱ्या फेरीला तळ सोडतो, आतून भुसा पडतो. जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष असेल तर वाचा. दोन वर्षांपेक्षा जुना नको. घरी माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटाचंही आपल्या जून-सप्टेंबरच्या हवेत हेच होतं. अधूनमधून घालत राहिलेला बूट जास्त टिकतो. तळ सुटलाच तर कारागिराला फक्त चिकटवायला सांगा. कडेने शिवून दिलं की भक्कम वाटतं, पण सुई पडद्यातून जाते आणि प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं.

वाळवताना ऊन, चूल, बंब, काही नको. आतला सोल काढा, वर्तमानपत्र कोंबा, तासाने ते बदला, मग पंख्याखाली रात्रभर. रोज दोन वेळा फेरी असेल तर दोन जोड लागतात. ओल्या बुटात पुन्हा पाय घातला की वास आणि बुरशी ठरलेली. पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू अशाच पाण्यातून शिरतो. कुत्र्याचीही त्याची लस चुकवू नये.

बूट ठेवायची जागा कुत्र्याच्या तोंडापासून वर हवी. घामाने खारट झालेला आतला सोल त्याला हाडापेक्षा प्यारा असतो. ओसरीवर ठेवत असाल तर काठीवर उपडे अडकवा आणि सकाळी पाय घालण्याआधी दोन्ही बूट जमिनीवर आपटा. विंचवाला उबदार, अंधारी जागा तीच सापडते.