मॅनिटोबाच्या काळ्या रानात: एका मेनोनाइट शेतकऱ्याकडे

कॅनडातल्या विनिपेगहून दक्षिणेला अमेरिकेच्या सीमेकडे निघालं की थोड्याच वेळात जमिनीवरचा चढउतार संपतो. हिमयुगाच्या अखेरीस इथे अगासिझ नावाचं अवाढव्य सरोवर होतं. ते आटलं, तळाचा गाळ मागे राहिला आणि आज त्या गाळावर गहू, कनोला, सोयाबीन, सूर्यफूल उभं असतं. माती काळी, चिकट. ओली झाली की बुटाला किलोभर चिकटून येते आणि उन्हात तडकली की भेगेत हात जातो. आमच्या परभणीकडची काळी जमीन अशीच. मातीचे अभ्यासकही या दोन्हींना एकाच गटात घालतात. त्यामुळे आल्टोनाजवळच्या त्या शेतावर उतरल्यावर मी आधी खाली वाकून ढेकूळ उचललं. यजमान लांबून बघत होते. "वाफसा यायला अजून दोन दिवस लागतील," अशा अर्थाचं काही ते म्हणाले आणि आमची ओळख झाली.

माझा भाचा विनिपेगला असतो. त्याच्या सहकाऱ्याचे हे वडील, वय सत्तरीच्या पुढे, पिढीजात मेनोनाइट, म्हणजे शस्त्र न उचलणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे. मेनोनाइट म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर घोडागाडी आणि काळी टोपी येते. तसे पंथ आहेत, पण हे गृहस्थ उपग्रहाच्या दिशादर्शनावर चालणारा कंबाईन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, वापरतात, मोबाईलवर गव्हाचा भाव बघतात. वेगळेपण कुठे आहे ते हळूहळू कळत गेलं.

पहिल्या संध्याकाळी ते मला गव्हात घेऊन गेले. एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून भूस उडवलं आणि दाणे दाताखाली घेतले. कट्ट असा आवाज आला पाहिजे. मग ओलावा मोजायचं यंत्र काढलं. साडेचौदा टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर गहू कोरडा धरत नाहीत, भाव कापला जातो. यंत्राचा आकडा सतराच्या पुढे होता. दातांनी आधीच तेच सांगितलं होतं, पण यंत्राला विचारल्याशिवाय त्यांचा हात कंबाईनच्या किल्लीकडे जात नाही.

हे लोक इथे कसे आले, ते थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकात युरोपात एक पंथ निघाला. बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने घ्यायचा, शपथ घ्यायची नाही आणि शस्त्र उचलायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. 1536 मध्ये कॅथलिक धर्मगुरूपद सोडून त्यांच्यात आलेल्या मेनो सिमन्स यांच्यावरून त्यांना नाव मिळालं. छळ चुकवत ते नेदरलँड्समधून आजच्या पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या खोऱ्यात गेले, आणि तिथून 1789 पासून रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये. कॅथरीन राणीने तिथे सैन्यसेवेतून सूट दिली होती. 1870 च्या दशकात ती सूट धोक्यात आली तेव्हा 1873 मध्ये त्यांचे बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिका पाहून गेले. कॅनडा सरकारने लष्करात न जाण्याची हमी आणि सलग जमीन देऊ केली. 1 ऑगस्ट 1874 ला पहिली कुटुंबं आगबोटीने रेड आणि रॅट नद्यांच्या संगमावर उतरली. पुढच्या सहा-सात वर्षांत साधारण सात हजार माणसं मॅनिटोबात आली. जास्त लोक अमेरिकेत, कॅन्ससकडे गेले.

यजमानांचे पणजोबा या सात हजारांतले. जवळच नॉयबर्गथाल हे 1876 साली वसलेलं गाव आहे, आता राष्ट्रीय वारसास्थळ. एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि घराला जोडूनच गोठा. एका घरात मी विटांची भलीमोठी चूल पाहिली. ती मधोमध बांधलेली, चार खोल्यांच्या भिंती तिलाच टेकलेल्या. लाकूड मिळत नसे तेव्हा गवताचा पेंढा आणि वाळलेलं शेण जाळून उणे तीस अंशांतलं घर ऊबदार ठेवत. शेणाच्या गोवऱ्यांचं मला नवल वाटलं नाही, पण त्या चुलीची रचना मात्र मी बराच वेळ निरखत राहिलो.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं, गहू आता कापणीला आला होता आणि सोमवारी पावसाचा अंदाज होता. पक्क्या गव्हावर पाऊस पडला की दाण्याचा रंग उतरतो, प्रत घसरते. मी मनातल्या मनात हिशोब करत होतो. यजमान मात्र इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला निघाले. वाटेत दोन शेतांवर कंबाईन चालू होते, त्यातलं एक त्यांच्याच मंडळीतल्या तरुणाचं. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. चर्चमध्ये एक भजन वाद्यांशिवाय झालं. कुणी सूर दिला आणि पुढच्या क्षणी सगळा सभागृह चार पट्ट्यांत गात होता. कुठलं गायकवृंद नव्हतं. माझ्या शेजारचे आजोबा खर्जात, पुढच्या बाकावरची शाळकरी मुलगी वरच्या पट्टीत. हे गाणं लहानपणापासून घराघरात घटवलेलं आहे.

दुपारी त्यांच्याकडे फास्पा, म्हणजे रविवारचं तिसऱ्या प्रहरचं खाणं. एकावर एक दोन गोळे ठेवून भाजलेला पाव, मुरांबा, चीज, कॉफी. त्यांची एकोणीस वर्षांची नात तिथे होती. तिने अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. घ्यायचा की नाही, हे ती ठरवते आहे आणि घरात कुणी तिला घाई करत नाही. श्रद्धा वारशाने मिळत नाही, ती ज्याची त्याने स्वीकारायची, हे तत्त्व मी पुस्तकात वाचलं होतं. आजोबांनी नातीला त्याची मोकळीक देताना पाहिलं तेव्हा ते मला पटलं.

त्याच टेबलावर दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला. यजमानांच्या वडिलांनी सैन्यात जायला नकार दिला होता. अशा तरुणांना सरकारी मंडळासमोर उभं राहावं लागे आणि आईवर कुणी हल्ला केला तर काय कराल, असे प्रश्न येत. कॅनडात दहा हजारांहून अधिक जणांनी सैन्याऐवजी पर्यायी सेवा पत्करली, त्यात बहुसंख्य मेनोनाइट. वडील रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या छावणीत दिवसाला 50 सेंटवर झाडं तोडत होते. गावातली काही इंग्रज कुटुंबं त्यांना भित्रा म्हणत. दुसरीकडे, मेनोनाइट घरांतली हजारो मुलं सैन्यात गेलीही आणि परतल्यावर कित्येकांना मंडळीने दूर ठेवलं. हा भाग सांगताना यजमानांचा आवाज जड झाला. "वडिलांचा नकार मला बरोबर वाटतो. काकांना चर्चमधून काढलं, ते चूकच होतं," ते म्हणाले. त्यांची श्रद्धा स्वतःच्या माणसांचा हिशोबही मांडते, आणि मला त्यांच्याबद्दल सर्वात जास्त आदर इथे वाटला.

जमिनीचाही हिशोब ते टाळत नाहीत. पणजोबांना मिळालेलं रान रिकामं नव्हतं. 1871 मध्ये इथल्या मूळ रहिवाशांशी, अनिशिनाबे आणि क्री लोकांशी, जमिनीबाबतचा पहिला करार झाला. मेती, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशातल्या, लोकांच्या मुलांना 1870 च्या कायद्याने 14 लाख एकर जमीन द्यायची होती, ती देताना सरकारने कुचराई केली, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. तो निकाल यजमानांनी वाचला आहे. शांततेसाठी आलेल्यांना जी जमीन मिळाली तिच्यामागे दुसऱ्यांची फसवणूक होती, हे ते स्पष्ट बोलतात. जमीन परत करणार का, असं मी विचारलं. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि तसं त्यांनी सांगितलं.

सोमवारी पाऊस झालाच. आठवड्याअखेर रान वाळलं तेव्हा पहिले कंबाईन त्यांच्या शेतात गेले नाहीत. गावाबाहेरच्या एका सामायिक तुकड्यावर गेले. कॅनेडियन फूडग्रेन्स बँक ही चर्चसंस्थांनी 1983 मध्ये उभी केलेली भूकनिवारण संस्था. तिच्यासाठी शेतकरी मिळून एक रान कसतात. कुणी जमीन देतो, कुणी बियाणं, कुणी खत. पीक स्थानिक गुदामाला विकून पैसा संस्थेकडे जातो आणि सरकार त्यात ठराविक मर्यादेपर्यंत चौपट भर घालतं. टोप्या काढून छोटी प्रार्थना झाली आणि सहा कंबाईन तिरक्या रांगेत निघाले. चालकांत एक कॅथलिक होता, एक कुठल्याच चर्चला न जाणारा. स्वतःचा गहू उभा असताना सगळे इथे होते. आपल्याकडचे इर्जिक आठवून मला भरून आलं.

बांधावर बायकांनी जेवण मांडलं होतं, गावठी सॉसेज आणि वेरेनिके, म्हणजे पनीर भरलेल्या उकडलेल्या करंज्या, साईच्या रश्श्यात. तिथे एका वृद्ध बाईंनी मला हिंदीत विचारलं, "खाना खाया?" त्या तरुणपणी आजच्या छत्तीसगडमधल्या चांप्याला परिचारिका होत्या. 1902 पासून मेनोनाइटांनी तिथे कुष्ठरोग्यांचं काम केलं. तेव्हा तो भाग मध्य प्रांतात होता आणि राजधानी आपलं नागपूर. बाईंना आमच्याकडचा पाऊस कधी येतो, महानदीला पूर किती चढतो, ज्वारीची भाकरी अजून कोण खातं, सगळं विचारायचं होतं. शेवटचा कंबाईन धान्य ट्रकमध्ये ओतेपर्यंत आम्ही बोलत होतो, आणि माझ्या ताटात त्यांनी तिसऱ्यांदा वेरेनिके वाढले.