पिठीसाखर: कुठे घालायची, कुठे नाही

"दाणेदार साखर संपलीये, पिठीसाखर घातली तर चालेल का?" हा प्रश्न बेकिंग करणाऱ्या माणसाला कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे, काय करताय त्यावर आहे. बटर-साखर फेटून करायचा केक असेल तर शक्यतो नको. गोडीचा प्रश्नच नाहीये, प्रश्न आहे दाण्याचा. फेटताना साखरेचे टोकदार दाणे बटरमध्ये घुसतात आणि हवेचे बारीक बारीक बुडबुडे अडकवतात, आणि बेकिंग पावडर ओव्हनमध्ये हेच बुडबुडे फुगवते, नवीन बुडबुडे ती तयार करत नाही. पिठीसाखरेत तो दाणाच नाही, म्हणून हवा कमी भरते आणि केक बसका, घट्ट होतो.

बिस्किटांचं मात्र उलट! तिथे फुगायला नकोच असतं, त्यामुळे शॉर्टब्रेडसारख्या बिस्किटांत पिठीसाखर मस्त, तोंडात विरघळतात आणि ओव्हनमध्ये पसरतही कमी, म्हणजे कटरने पाडलेला आकार बऱ्यापैकी तसाच राहतो.

आता माप. कपाला कप बदलू नका प्लीज. 1 कप दाणेदार साखर साधारण 200 ग्रॅम भरते आणि 1 कप पिठीसाखर 120 च्या आसपास, तीसुद्धा चाळली की अजून हलकी. वजनकाटा घ्या, विषय संपला.

पिठीसाखरेला खरंच पर्याय नाही तो बटरक्रीममध्ये, म्हणजे बटर आणि साखर फेटून केकवर लावायच्या क्रीममध्ये. बटरमध्ये पाणी असतं थोडंसंच, दाणेदार साखर त्यात विरघळणार कशी, कितीही फेटा, कचकच लागतेच. ग्लेझचंही, म्हणजे केकवर ओतायच्या पातळ साखरेच्या थराचंही तसंच, 1 कप पिठीसाखरेला 1 ते 2 टेबलस्पून दूध किंवा लिंबाचा रस, पण तो एकदम ओतायचा नाही, थेंब थेंब, कारण अर्धा चमचा जास्त झाला की सगळं केकवरून ओघळून ताटात.

विकतच्या पिठीसाखरेत, म्हणजे आयसिंग शुगरमध्ये, गुठळ्या होऊ नयेत म्हणून 3 ते 5 टक्के स्टार्च असतो, बहुतेकदा कॉर्नफ्लोअर. त्याने व्हिप्ड क्रीमही जरा जास्त वेळ टिकतं. घरी करायची तर 1 कप साखरेला 1 टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, मिक्सरचं भांडं एकदम कोरडं हवं, आणि फिरवून झाल्यावर झाकण लगेच उघडू नका, धुरळा खाली बसू द्या. मग बारीक चाळणीने चाळायची. तरी विकतच्याइतकी मऊ होत नाही, त्यामुळे बटरक्रीमला मी विकतचीच घेते, बिस्किटांना घरची चालते.

आणि केकवर भुरभुरवायची असेल तर केक पूर्ण गार झाल्यावर, वाढायच्या अगदी आधी, नाहीतर ओल शोषून गायब होते. तासन्‌तास पांढरी दिसायला हवी असेल तर स्नो शुगर मिळते, डेक्स्ट्रोजला (म्हणजे ग्लुकोजला) फॅटचं कोटिंग केलेली, लवकर विरघळत नाही पण गोडीला कमी असते.