एका फोटोत दोन सूर्य

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते, शनिवारची सकाळची शाळा, आणि लॅबमध्ये सातवी ब. चौतीस पोट्टे आणि चालू कॉम्प्युटर सतरा, म्हणजे एका मशीनवर दोघं, एकाच्या हातात माउस आणि दुसरा बाजूनं सांगून राहिला की इथं दाब, तिथं दाब. मी इथं नागपुरात शाळेत कॉम्प्युटर शिकवते त्याला बारा वर्षं होतील आता, पण त्या शनिवारचा तास अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून ठेवतेय.

आधी थोडं मागचं सांगते. आमच्याकडे शनिवारी फोटो एडिटिंग असतं. सॉफ्टवेअर गिंप, कारण ते फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं आणि इंटरनेट नसलं तरी काही अडत नाही, पेनड्राइव्हवरून एकदा टाकलं की झालं. सातवीच्या मुलांना सगळ्यात अवघड जातात त्या लेअर, म्हणजे फोटोचे एकावर एक ठेवलेले थर. शब्द सांगून काही होत नाही, म्हणून मी वहीची प्लास्टिकची कव्हरं घेऊन येते आणि स्केचपेननं एकावर इथल्या झिरो माईल स्मारकाचा खांब काढते, दुसऱ्यावर घोडे, तिसऱ्यावर पतंग उडवणारा पोरगा, आणि तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरते. मग पोरगा असलेलं कव्हर काढून घेतलं की खांब आणि घोडे जसेच्या तसे राहतात. या वर्षी एक मुलगी एकदम ओरडली, "म्हणजे खालचं खराबच नाई होत मॅडम!" बस, एवढंच कळायला पाहिजे असतं, पुढचं सगळं ते आपले आपण शोधतात.

क्लोन टूल मात्र पाच मिनिटांत येतं सगळ्यांना. कंट्रोल दाबून जिथून उचलायचं तिथं क्लिक करायचं, मग कंट्रोल सोडून जिथं लावायचं तिथं घासायचं. पहिल्याच दिवशी झिरो माईलच्या चार घोड्यांचे पाच झाले, फुटाळा तलावाच्या पाण्यात संत्र्याची होडी आली. एक नियम मी सुरुवातीलाच घालून देते, कोणाचा चेहरा गोरा करायचा नाही, स्वतःचाही नाही. यावर मी कोणाचंच ऐकत नाही, कारण उजेड कमी-जास्त करायचा लेव्हल्सचा स्लायडर हातात आला की मुली सगळ्यात आधी तेच करतात आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

तर टूल येऊ लागली की आम्ही एक खेळ खेळतो, खोटं पकडा. प्रत्येकानं घरचा किंवा मोहल्ल्यातला एक फोटो आणायचा, त्यात तीन गोष्टी बदलायच्या आणि वर्गानं त्या ओळखायच्या. न ओळखता राहिल्या तर फोटोवाल्याला मार्क जास्त. त्यासाठी मी त्यांना पकडायचं कसं ते शिकवते : सावल्या एकाच बाजूला पडतात का बघा, एकसारखा नमुना दोनदा दिसतो का बघा कारण क्लोन तिथंच सापडतं, आणि कापून चिकटवलेल्या वस्तूची कड बघा. सोबत दोन गोष्टी सांगते. एक 1917 मधली, इंग्लंडच्या कॉटिंग्लीत सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस या दोघींनी कागदाच्या पऱ्या कापून हॅटपिनांनी बागेत उभ्या केल्या आणि फोटो काढले, आणि आर्थर कॉनन डॉयलसारख्या माणसानंही ते खरे मानले. ते कागदच होते हे त्यांनी मान्य केलं थेट 1983 मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. दुसरी 1982 ची, नॅशनल जिओग्राफिकनं फेब्रुवारीच्या अंकात आडवा फोटो उभ्या कव्हरवर बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर एकमेकांजवळ सरकवले. फोटोशॉप बाजारात आलं 1990 मध्ये, म्हणजे तेव्हा ते नव्हतंच. हे ऐकून पोरांचे डोळे चमकतात, त्यांना वाटतं आता आपल्याला कोणी फसवू शकत नाही. मलाही तेच वाटत होतं.

त्या शनिवारी प्रोजेक्टरवर एकेक फोटो लावून राहिले होते. बरेचसे पटापट पकडले गेले, कुत्र्याला सावलीच नाही, एका काकांचा हात दोनदा. मग लागला शेवटच्या बाकावरच्या पोट्ट्याचा फोटो. हा पोरगा पोळ्याच्या आधीपासून आठ दिवस गैरहजर होता, फार बोलत नाही, फोटो त्याच्या वडिलांच्या मोबाईलवरून व्हॉट्सॲपवर माझ्याकडे आला होता.

फोटोत एक अरुंद बोळ. उजवीकडे विटांची भिंत, डावीकडे घर, मध्ये एक पाच-सहा वर्षांची मुलगी फ्रॉक घालून उभी. तिच्या मागं हवेत एक अवाढव्य डोकं, मिशा, मोठे दात, लाल डोळे, आणि त्याला खाली धडच नाही. वर दोरीवर दोन शाळेचे पांढरे शर्ट वाळत घातलेले.

वर्ग तुटून पडला. "मॅडम डोकं चिटकवलंय, खालचं खोडलं यानं!" "शर्ट क्लोन आहे, दोन्ही सेम टू सेम!" आणि मग चष्मेवाली पुढे आली, माझी सगळ्यात हुशार पोरगी, तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. मुलीची सावली जमिनीवर डावीकडे पडलेली होती आणि तिचीच दुसरी सावली, फिक्कट, उजवीकडच्या भिंतीवर. "मॅडम, याच्या फोटोत दोन सूर्य आहेत."

वर्ग जोरात हसला, टाळ्या पडल्या. मी म्हटलं शाब्बास. मी स्वतः उठून डस्टरनं ती भिंतीवरची सावली दाखवली आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की ऊन उजवीकडून येतंय तर उजवीकडच्या भिंतीवर सावली पडूच शकत नाही, मुलगी दुसरीकडून कापून आणलेली दिसते. त्या पोराकडे बघून म्हटलं, तिन्ही पकडले रे तुझे, पुढच्या वेळी सावलीकडं लक्ष दे. त्यानं मान हलवली. वहीत मी त्याच्या नावापुढं दहापैकी दोन लिहिले.

सुट्टीची बेल झाली. मला वाटलं हा गैरहजर होता, याला लेअर समजल्या नसतील, दहा मिनिटं बसवून दाखवते. त्याला थांबवलं, म्हटलं तुझी एक्ससीएफ फाईल आण, गिंपची लेअरवाली, म्हणजे लेअर उघडून कुठं चुकलं ते बघू. तो म्हणाला तशी फाईल नाही. बरं, म्हटलं, ते डोकं कुठून घेतलं, नेटवरून?

तो माझ्याकडे बघत राहिला. "कुठून म्हणजे? तिथंच होतं."

ते बडग्याचं डोकं होतं. बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, एकीकडे लेकरं लाकडी नंदी घेऊन बोजारा मागत फिरतात आणि दुसरीकडे आमच्या नागपुरात मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी. काळीची परंपरा 1881 पासूनची सांगतात, पिवळीची 1885 पासूनची. सोबत मोहल्ल्या-मोहल्ल्यातले बडगे असतात, बांबू, कागद, कापडाचे, महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, आणि लोक ओरडतात ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. त्याच्या बोळीतली पोरं असाच एक बडग्या बनवून राहिली होती, डोकं आधी तयार झालं म्हणून बांबूच्या सांगाड्यावर चढवून ठेवलं होतं आणि धडाचं काम बाकी होतं. आठ दिवस तो त्याच्यातच होता. शर्ट त्याचा आणि त्याच्या भावाचा, एकाच दुकानातले. आणि भिंतीवरची सावली? "समोरच्या काकांनी नवीन स्टीलचं दार बसवलंय, सकाळी त्याच्यातून ऊन येते भिंतीवर." बस. एवढंच होतं. त्यानं फोटोत काहीच बदललं नव्हतं, गिंप घरी नव्हतं आणि खेळाचे नियम सांगितले तेव्हा तो शाळेत नव्हता, त्याला एवढंच समजलं होतं की मोहल्ल्यातला फोटो द्यायचा आहे.

मी विचारलं, मग तू वर्गात बोलला का नाहीस रे?

"तुम्ही म्हटलं ना मॅडम, सावली खोटी आहे म्हणून. मले वाटलं आमच्या मोबाईलनंच काही केलं असन."

मला तिथं खुर्चीवर बसावं लागलं. पोरगा त्या बोळीत राहतो, रोज ते दार बघतो, भिंतीवरचं ऊन बघतो, फोटो त्यानं स्वतः काढला, आणि मी डस्टरनं दाखवल्याबरोबर त्यानं स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा सोडला. मोबाईलची शंका त्याची तशी वेडगळ नव्हती, आजकालचे फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो करतात आणि चेहरे गुळगुळीत करतात, पण सावली कोणी भिंतीवर आणून ठेवत नाही. मी पोरांना संशय घ्यायला शिकवला होता, खात्री कशी करायची ते शिकवलंच नव्हतं, आणि खात्री न करता दोन मार्क मीच लिहिले होते. नऊ वर्षांच्या फ्रान्सिसवर लोकांनी नको तेवढा विश्वास ठेवला ही गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगते, आणि इथं खरं बोलणाऱ्या फोटोला चौतीस जणांसमोर खोटं ठरवलं.

सुट्टी संपल्यावर मी गणिताच्या सरांकडून तास मागून घेतला आणि सगळ्यांना मैदानात नेलं. दहा वाजले असतील, पाऊस उघडला होता आणि ऊन चांगलं कडक होतं. पूर्वेकडच्या इमारतीची आमच्याकडची भिंत तिच्याच सावलीत होती. त्या पोराला म्हटलं तू सांग काय करायचं. त्यानं डब्याचं स्टीलचं झाकण मागितलं, सपाट पाहिजे म्हणाला, दोन-तीन झाकणं परत केली. एक मिळालं, ते घेऊन तो उन्हात उभा राहिला, हलवत हलवत उजेडाचा चकता भिंतीवर आणला, आणि चष्मेवालीला म्हणाला, "तू मधात उभी राह्य." ती उभी राहिली, उन्हाच्या कडेला, पाय उन्हात. जमिनीवर तिची सावली आमच्या बाजूला आणि भिंतीवरच्या त्या चकत्यात तिच्या डोक्याची दुसरी सावली, दोन वेण्यांसकट, नेमकी उलट्या बाजूला. तिनं मान हलवली तशी दोन्ही हलल्या.

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग सगळ्यांनाच झाकण पाहिजे झालं आणि अर्धा तास भिंतीवर नुसते चकते नाचत होते.

मी तिथंच, सगळ्यांसमोर, त्याला म्हटलं की माझं चुकलं, तुझा फोटो खरा आहे. तो नुसता "हो" म्हणाला.

डोकं आणि शर्टांचं तरी राहिलंच होतं. पोरं म्हणाली झूम करून बघू, पण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाईल, आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींमध्ये फोटो तोडते आणि जास्त दाबली की बारीक, कमी उठावाच्या रेषा आधी जातात. विटांच्या रंगाचे बांबू विटांसमोर, ते तिथंच पुसले गेले होते. फाईलमध्ये कॅमेरा आणि तारीख-वेळेची जी नोंद असते तीही असा फोटो पाठवला की निघून जाते. म्हणजे ज्या फोटोवरून आम्ही निकाल दिला तो मूळ फोटो नव्हताच. हे मी वर्षानुवर्षं पाठ म्हणून शिकवते आणि वापरायच्या वेळी मला आठवलं नाही.

सोमवारी त्याचे वडील कामावर जाता जाता दहा मिनिटं थांबले आणि केबलनं फोटो घेऊ दिला. गिंपमध्ये चारशे टक्के झूम केला. डोक्याखाली तीन बांबू, सुतळीनं बांधलेले, एका गाठीचं टोक बाहेर आलेलं. मग शर्टांवर गेलो. घड्या खरंच सारख्या होत्या, पण डावीकडच्या शर्टाच्या खिशाखाली बोटाच्या पेराएवढा निळा डाग.

"हा कायचा बे?" परवा सगळ्यात मोठ्यानं क्लोन क्लोन ओरडला होता त्यानं विचारलं.

"बॉलपेन फुटला होता."

मार्कांचं काय करायचं यावर वर्गात बरीच वादावादी झाली, कारण खेळाच्या हिशोबानं त्यानं तीन बदल केलेच नव्हते. मी दोन खोडून ती जागा कोरी ठेवली. त्यानं स्वतःच विचारलं की आता करून देऊ का, आणि पुढच्या शनिवारी हील टूल, म्हणजे डाग पुसून आजूबाजूशी मिळवून घ्यायचं टूल, घेऊन पूर्ण तास एका कोपऱ्यात बसला. तीन नाही, एकच बदल केला. भिंतीवरची ती फिक्कट सावली काढून टाकली, विटांच्या मधल्या रेषासुद्धा नीट जुळवल्या. प्रोजेक्टरवर लावला तेव्हा चष्मेवाली बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आता कोणीच नाई पकडणार."

दोन्ही फोटो आम्ही व्हरांड्यातल्या बोर्डावर शेजारी शेजारी लावलेत, घरच्यांना विचारून. खाली काही लिहिलं नाही. सहावीची पोट्टी येतात, दोन सावल्यांच्या फोटोवर बोट ठेवतात आणि एकमेकांना सांगतात की हा खोटा आहे. तो कधी जवळपास असला तर काही बोलत नाही, दप्तरातून डब्याचं झाकण काढतो आणि त्यांना मैदानात घेऊन जातो.