पांढरी पेन्सिल

रंगीत पेन्सिलींच्या डबीत पांढरी पेन्सिल कशासाठी घालतात, हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही. बाकीच्या तासून तासून बोटभर होतात, लाल तर चिमटीत धरायलाही उरत नाही, आणि ही बया दुकानातून आली तेवढीच्या तेवढी. परवा जेवणं आटोपून जरा पाठ टेकावी म्हटलं तर वीज गेली. पंखा बंद म्हटल्यावर झोप कसली येतेय? म्हणून लेकीने डॅलसहून आणलेली वही काढली, तर पहिल्याच पानावर मेंढरं. मोजली, सात भरली. गुबगुबीत, कुरळ्या लोकरीची. म्हटलं, चला, आज हिच्या नशिबी काम आलं. पण पांढऱ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने पांढरी मेंढरं रंगवणं म्हणजे नुसती मस्टरवर सही करून घरी जाण्यातली गत. हात फिरतोय, दिसत काहीच नाही.

वही वचनांची आहे. एकेका पानावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक वचन, इंग्रजी, पोकळ अक्षरांत. अक्षरं आपण भरायची, भोवतीचे गुलाब नि फुलपाखरंही आपणच. मोठ्या माणसांनी रंगवायच्या वह्यांची लाट तिकडे २०१५च्या सुमाराला आली. बागा, जंगलं, गोल नक्षीची मंडलं, काय काय लोक रंगवत बसले. ज्यांना मंडलं नको होती त्यांच्यासाठी स्तोत्रं आली. लेक म्हणाली, "आई, बीपीला बरं असतं. शिवाय मनन होतं." मी म्हणणार होते, मननाला रंग कशाला लागतात गं, तुझ्या आजोबांनी कधी... आणि जीभ चावली. कारण आजोबांकडे लाल-निळी पेन्सिल होती.

पप्पा मराठी शाळेत मास्तर. ती एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी असलेली पेन्सिल खरं म्हणजे शाळेची, वह्या तपासायची. संध्याकाळी ती घरी येऊन शास्त्रावर चालायची. देवाचं अभिवचन आलं की लाल रेघ, देवाची आज्ञा आली की निळी. आम्हा पोरांना शास्त्रावर पेन्सिल नुसती ठेवायचीही बंदी. "शास्त्र आहे, पाटी नाही," हे तेच म्हणायचे, हातात पेन्सिल धरून. आई म्हणायची, "तुमची लाल बाजू कशी हो नेहमी आधी संपते?" पप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे. ते शास्त्र आता भावाकडे आहे, पाठीला खाकी पट्टी चिकटवलेलं. स्तोत्रसंहितेत तर लाल रेघांनी पानं शिजल्यासारखी दिसतात.

माझं स्वतःचं रंगकाम सुरू झालं आणि लगेच बंद पडलं, ते संडे स्कूलमध्ये. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, चर्चची पडवी, सायक्लोस्टाइल केलेले कागद. कागदाला रॉकेलसारखा वास यायचा आणि मेंढपाळाच्या एका डोळ्यावर शाईचा डाग हटकून असायचा. बिस्किटाच्या जुन्या डब्यात मेणाचे खडू, सगळे मोडके. पोरं वीस-बावीस, हिरव्यावर मारामारी. माझ्या हाताला काळा तुकडा लागला. मी मेंढरं काळी केली. त्यात विचार काही नव्हता. मेंढरू काळंच असतं. धनगरांचा वाडा दरवर्षी आमच्या शिवारात उतरायचा, त्यांची मेंढरं काळी, त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं काळं. दख्खनी मेंढरू बहुतेक काळंच निपजतं. एखादं पांढरं निघालं तर लांबून ओळखू यायचं.

बाईंनी कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बाळ, येशूची मेंढरं पांढरी असतात." रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. त्याच पडवीत त्या आम्हाला अक्षर नसलेलं पुस्तक दाखवायच्या, नुसत्या रंगीत पानांचं. काळं पान म्हणजे पाप, लाल म्हणजे प्रभूचं रक्त, पांढरं म्हणजे धुतलेलं मन. मुळात हे लंडनचे धर्मोपदेशक स्पर्जनसाहेब यांचं, १८६६ सालचं. तेव्हा त्यात एवढी तीनच पानं होती. सोनेरी पान पुढे अमेरिकेतल्या मूडी नावाच्या धर्मोपदेशकांनी घातलं, स्वर्गाचं. आता ज्या पुस्तकात काळं म्हणजे पाप, ते हातात धरून बाई माझी सात-आठ काळी मेंढरं कशी चालवून घेणार? मेणाचा खडू खोडताही येत नाही. बाईंनी नखाने खरवडून पाहिलं. मेंढरं करडी झाली.

तर परवा मेंढरं तशीच सोडली आणि मेंढपाळाकडे वळले. तिथे दुसरी अडचण. त्याच्या तोंडाला कुठला रंग द्यायचा? डबीत एक फिकट गुलाबी पेन्सिल असते, तिला आम्ही लहानपणी 'अंगाचा रंग' म्हणायचो. कुणाच्या अंगाचा, हे वीस-बावीस पोरांपैकी एकानेही विचारलं नाही. आमच्यात त्या रंगाचं कोणी नव्हतं. अँजेलो द फोन्सेका नावाचे गोव्याचे चित्रकार होते, १९०२चा जन्म. शांतिनिकेतनात शिकून परतले आणि येशूच्या आईला, मारियेला, साडी नेसवली, तोंडं सगळी आपल्याकडची काढली. गोव्यातल्या धार्मिक मंडळींना ते सोसलं नाही. मग ते आमच्या पुण्यात आले आणि इथल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. मी तर नुसती पेन्सिल बदलत होते, मला कोण हाकलणार! तरी तपकिरी उचलताना एकदा दाराकडे बघून घेतलं.

रंगवायची माझी एक रीत आहे. आधी कडेने दाबून रेघ ओढायची, मग आत हलक्या हाताने एकाच दिशेने भरायचं. गोल गोल गिरवणारी माणसं मला बघवत नाहीत. आणि टोक ब्लेडने करायचं. शार्पनरमध्ये शिसं मोडतं, वर ती झालर पोरांना जपून ठेवावीशी वाटते. या रीतीने एक अक्षर भरायला पाच मिनिटं लागतात. एवढ्या वेळात डोकं रिकामं बसत नाही, ते त्या ओळीचं मराठी म्हणत राहतं. तेविसावं स्तोत्र, देवाला मेंढपाळ म्हणणारं, आम्हाला झोपेतून उठवलं तरी येतं. 'तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो.' इंग्रजीत तो मेंढराला आडवं करतो. मराठीत बसवतो. बसवतो!

पन्नास वर्षं हे म्हणतेय आणि कधी कानाला लागलं नव्हतं. मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेत मोकळं झालं की शेतकरी धनगराला बोलावतो. रात्री वाघूर लावून, म्हणजे जाळ्याचं कुंपण करून, मेंढरं शेतात बसवायची. लेंड्या नि मूत जमिनीत मुरतं, पुढचं पीक तरारून येतं. बदल्यात धनगराला धान्य, नाहीतर पैसे. चार रात्री या तुकड्यात, चार त्या. आजवर मला वाटायचं, या बसवण्यात भलं मेंढराचं. आमच्याकडे तर भलं शेताचं होतं! मेंढरू आपलं बसतं, रवंथ करतं, आणि आपण कुणाच्या कामी आलो याची त्याला खबरही नसते.

चर्चच्या पाळकसाहेबांना हे सांगावं असं फार वाटलं. पण रविवारच्या उपासनेत लेंडीखत कसं काढायचं? राहिलं.

पुढचं पान त्याच स्तोत्रातल्या मृत्युच्छायेच्या दरीचं आहे. त्या ओळीला पप्पांच्या शास्त्रात दोन लाल रेघा आहेत, दुसरी शेवटच्या आजारपणात ओढलेली, वाकडी. ते पान मी उलटून ठेवलंय.

मेंढरं मात्र काळी केली. सातही. वीज आली, पंखा लागला, तरी उठले नाही. सातव्याच्या मागच्या पायापाशी काळी पेन्सिल संपली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे गेले तर म्हणतो, "काकू, सुटी रंगीत पेन्सिल नाही मिळत, अख्खी डबी घ्या."

घेतली. आता घरात दोन पांढऱ्या पेन्सिली आहेत.