फलटणची जुळी कोकरं
आज फलटणला नारीत गेलेलो, म्हणजे निंबकर कृषी संशोधन संस्था, १९६८ पासूनची. संशोधन म्हटलं की आपल्याला रिपोर्ट न् पीपीटी आठवतात, इथं डायरेक्ट मेंढरंच! सुंदरबनाकडची बुटकी गरोळ मेंढी जुळी देते, तिच्यातला तो जुळ्यांचा जीन, म्हणजे आनुवंशिक गुण, आपल्या दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली, त्यामुळं धनगराच्या कळपात बऱ्याचदा एका वेताला दोन कोकरं, म्हणजे विकायला जास्त. पण दोन झाली की आईला खुराकपण जादा लागतो, नायतर कोकरं अशक्त राहतात, फुकटात काय नाय. त्याच गावात शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली कमला निंबकर बालभवन, मराठी माध्यमाची, भारीच शाळा. पुढच्या खेपेला थेट धनगरवाड्यावर जायचंय, कोण येतंय?