होम रेकॉर्डिंग लॉग: सॉफ्टवेअर ठरलं एकदाचं, सगळा हिशोब इथे

मागच्या नोंदीत माइक आणि इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) लिहून झालं होतं आणि डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर, कुठलं घ्यायचं ते लटकलेलं होतं, ते आता मार्गी लागलंय. रीपर. पण नुसतं नाव सांगून काही उपयोग नाही कारण प्रत्येकाचं काम वेगळं असतं, म्हणून कसं ठरवलं ते सविस्तर लिहितेय, ज्यांचं अजून अडलंय त्यांना निदान पद्धत तरी वापरता येईल.

आधी माझं काम काय ते सांगते, त्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी वाटेल. अकूस्टिक गिटार, मुख्य आवाज, त्यावर दोन तीन हार्मनी, बेस मिडीवर (म्हणजे आवाज नाही, कुठला सूर कधी वाजवायचा त्याच्या नोंदी), आणि हलका ताल. बीट बनवणं नाही, लाइव्ह लूपिंग नाही, सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. म्हणजे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो आवाजाचे टेक घेण्यात, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन रेकॉर्ड करण्यात, आणि त्यातून चांगल्या ओळी निवडून जोडण्यात. हे एकदा कागदावर लिहून काढलं आणि निम्मी यादी आपोआप गळाली.

एबल्टन लाइव्ह पहिल्यांदा बाजूला ठेवलं, वाईट म्हणून अजिबात नाही. त्याचं सेशन व्ह्यू म्हणजे क्लिप मांडून ठेवायच्या आणि वाजवता वाजवता गाणं उभं करायचं, हे ज्याला पाहिजे त्याने दुसरीकडे बघूच नये. इंटरफेसबरोबर बऱ्याचदा लाइट आवृत्ती मिळते त्यात 8 ट्रॅक असतात, माझ्या हार्मनी धरल्या की ते तिथेच संपतात. एफएल स्टुडिओचं पॅटर्न आणि पियानो रोल हे दोन्ही फार सुंदर आहे, आयुष्यभर अपडेट फुकट देतात ही पण मोठी गोष्ट, पण ते मनाने बीटवाल्यांचं सॉफ्टवेअर आहे. आणि त्याची ट्रायल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, प्रोजेक्ट सेव्ह होतं पण लायसन्स घेईपर्यंत ते परत उघडता येत नाही, तेव्हा ट्रायलवर खरं गाणं सुरू करू नका.

लॉजिक फक्त अ‍ॅपलच्या मॅक आणि आयपॅडवर, त्यामुळे विंडोजवाल्यांचा विषयच मिटला. मॅक असेल तर मात्र गॅरेजबँड आधीच फुकट हातात असतं, 2004 पासून आहे ते, आणि त्यातलं प्रोजेक्ट पुढे लॉजिकमध्ये उघडतं, नवीन माणसाला याहून सोपी वाट नाही. प्रो टूल्स इंट्रो पण फुकट आहे, 8 ऑडिओ ट्रॅकची मर्यादा, आणि प्लगइन (इफेक्ट किंवा वाद्यांची वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर) फक्त एएएक्स प्रकारचे चालतात म्हणजे तुम्ही जमवलेले व्हीएसटी प्रकारचे तिथे बिनकामाचे. स्टुडिओत नोकरी करायची असेल तर शिकायलाच पाहिजे, घरच्या गाण्यांना गरज नाही असं माझं स्पष्ट मत.

ऑडॅसिटीबद्दल जरा थांबून लिहिते कारण सगळ्यात जास्त लोक तिथूनच सुरुवात करतात. 2000 साली आलेलं, फुकट, ओपन सोर्स, आवाज कापायला, नॉइज काढायला, फाइल साफ करायला अजून मी तेच उघडते. 2022 च्या 3.2 पासून त्यात इफेक्ट रिअल टाइम लावता येतात, त्याआधी इफेक्ट थेट फाइलवर छापला जायचा आणि परत बदलायचा म्हणजे मागे जाऊन सगळं पुन्हा. तरी मिडी कीबोर्ड लावून बेस रेकॉर्ड करायचा म्हटलं की अडतं. पॉडकास्टला उत्तम, माझ्या गाण्याला अपुरं.

मग उरले क्यूबेस, रीपर, आर्डर आणि वेव्हफॉर्म फ्री. या सगळ्यांवर एकच गाणं केलं. तेच गाणं, त्याच फाइली, तेच काम: गिटारचे दोन टेक डावीउजवीकडे, मुखडा आणि एक अंतरा, अंतऱ्याचे लूपवर टेक, एक हार्मनी, मिडी बेस, एक रिव्हर्ब (आवाजाची घुमण) सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकना मिळून एकच, शेवटी एक्स्पोर्ट. डेमो गाणी उघडून बघण्यात काही अर्थ नाही, ती सजवून दिलेली असतात, आपलं स्वतःचं अर्धवट गाणं त्यात घालून बघितल्याशिवाय कुठे हात अडतो ते कळतच नाही.

आता आवाजाचा प्रश्न, कारण अमुक सॉफ्टवेअरचा साउंड गरम आणि तमुकचा कोरडा असं सारखं ऐकायला मिळतं. मी नल टेस्ट केली. त्याच फाइली दोन सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या, एकही इफेक्ट नाही, सगळे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या) शून्यावर, 32 बिट फ्लोटमध्ये एक्स्पोर्ट करायचं, मग दोन्ही एक्स्पोर्ट एका प्रोजेक्टमध्ये बरोबर एकाखाली एक ठेवून एकाची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे त्याची लाट वरची खाली. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर काहीच ऐकू येत नाही. माझ्याकडे पहिल्या झटक्यात आवाज उरला! आणि तो उरलेला भाग फक्त मधल्या ट्रॅकचा होता, गायनाचा, डावीउजवीकडच्या गिटारी पूर्ण नाहीशा झालेल्या. म्हणजे पॅन लॉ. काही सॉफ्टवेअर मध्यभागी ठेवलेला मोनो ट्रॅक 3 डीबीने खाली घेतात, काही तसाच ठेवतात, आणि त्यामुळे त्याच फेडरवर एकात गाणारी पुढे येते आणि दुसऱ्यात गिटारीमागे जाते, ऐकणाऱ्याला वाटतं हे सॉफ्टवेअर जास्त खुलं आहे. दोन्हीकडे पॅन लॉ सारखा केला आणि टेस्ट परत लावली, शांतता. मीटर पण हललं नाही. त्यामुळे साउंडच्या नावावर सॉफ्टवेअर निवडू नका, बेरीज वजाबाकी सगळ्यांची एकच आहे, फरक पडतो तो सोबत मिळणाऱ्या प्लगइनचा आणि तुमच्या खोलीचा.

लेटन्सीचं, म्हणजे आवाज आत जाऊन परत ऐकू यायला जो उशीर होतो त्याचं, पण तसंच. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 256 ला 5.3, 512 ला 10.7, हे गणित कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बदलत नाही. त्यावर इंटरफेस आणि ड्रायव्हरचा स्वतःचा वेळ चढतो, आणि जाऊन येऊन दोन्ही बाजूंचा धरायचा. विंडोजवर असाल तर इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारा प्रकार) टाका, सॉफ्टवेअर बदलून जे होत नाही ते तिथे होतं. आणि गाताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो, पण सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग तेवढं बंद करायला विसरू नका नाहीतर दोनदा ऐकू येईल.

सॉफ्टवेअर बदलल्याने जिथे फरक पडतो तो म्हणजे रेकॉर्ड झालेलं बरोबर जागेवर बसतंय का. त्यासाठी लूपबॅक टेस्ट सगळ्यांनी एकदा कराच. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटमध्ये, स्पीकर बंद, डायरेक्ट मॉनिटरिंग पण बंद, मग एका ट्रॅकवरचा क्लिक वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा आणि पार झूम करून दोन्ही टोकं बघायची. ड्रायव्हर जो आकडा सांगतो त्यावर विश्वास ठेवून सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग मागे सरकवतं, आकडा चुकीचा असेल तर प्रत्येक टेक थोडा थोडा उशिरा बसतो आणि आपण आपल्याच लयीला दोष देत बसतो. रीपरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या खाली रेकॉर्डिंगचं पान आहे तिथे हाताने ऑफसेट भरता येतो, सॅम्पलमध्ये. माझा थोडा फरक होता तो भरला, आता क्लिकवर क्लिक बसतोय.

आणि आता कॉम्पिंग, म्हणजे वेगवेगळ्या टेकमधले चांगले तुकडे जोडून एक टेक करणं. माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागला.

अंतऱ्याची तिसरी ओळ वर चढते आणि शेवटचा शब्द लांबवायचा आहे. लूप लावून गात राहिले की प्रत्येक टेक खाली एकेका लेनमध्ये (ट्रॅकमधल्या वेगळ्या पट्टीत) साठत जातो. रीपर 7 मध्ये, 2023 ला आलं ते, लेनवर माउसने नुसतं ओढलं की तेवढा तुकडा वरच्या कॉम्पमध्ये जातो, पुढचा तुकडा दुसऱ्या लेनमधून ओढायचा, मधला क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढणं) आपोआप पडतो. हवा तर तो क्रॉसफेड पकडून सरकवायचा. लॉजिकमध्ये स्वाइप करायची सवय असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. जोड कुठे द्यायचा याचं मी एक धरलंय, क, त, प असल्या व्यंजनाच्या अगदी आधी. ती व्यंजनं उच्चारताना हवा क्षणभर अडते, वेव्हफॉर्ममध्ये बारीकशी मोकळी जागा दिसते, तिथे कापलं की कानाला काही कळत नाही. स्वराच्या मध्ये कापलं तर कितीही फेड द्या, आवाजाचा रंग बदललेला जाणवतोच. आणि श्वास नेहमी पुढच्या ओळीच्या टेकमधला घ्यायचा, कारण तो श्वास त्याच ओळीसाठी घेतलेला असतो, दुसऱ्या टेकचा लावला की ओळ उगाच उसनी वाटते.

हेच काम क्यूबेसमध्ये पण छान होतं, खोटं कशाला बोलू, आणि तिथली मिडी एडिटिंग तर रीपरपेक्षा कितीतरी पुढची आहे. स्टाइनबर्गने 1996 ला व्हीएसटी आणलं आणि त्यानंतर एएसआयओ, आज आपण सगळे ज्यावर काम करतोय ती पायवाट त्यांचीच. ज्याचं काम मिडीवर जास्त आहे, ऑर्केस्ट्रा वगैरे, त्याने क्यूबेसच बघावं. मला मिडीवर फक्त बेस लिहायचा असतो. आर्डरचं ओपन सोर्स असणं मला मनापासून आवडतं, लिनक्सवाल्यांनी तिथूनच सुरुवात करा, राउटिंग (कुठला आवाज कुठे पाठवायचा ते) एकदम भक्कम आहे, पण टेक जोडताना माझा हात तिथे वळत नव्हता. वेव्हफॉर्म फ्रीला ट्रॅकची मर्यादा नाही हे खूप मोठं आहे, फुकटच पाहिजे असेल तर हे आधी बघा.

रीपरच्या बाजूने अजून काय, तर ट्रॅकला ऑडिओ किंवा मिडी असा प्रकारच नाही, कुठल्याही ट्रॅकवर काहीही टाका, ट्रॅकला फोल्डर केलं की तोच बस, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात तो मार्ग, होतो. इन्स्टॉलर इवलासा, जुन्या लॅपटॉपवर पण सुरळीत चालतं, पेन ड्राइव्हवर पोर्टेबल टाकता येतं. 60 दिवसांच्या ट्रायलमध्ये काहीही बंद नसतं. प्रोजेक्टची फाइल म्हणजे साधा टेक्स्ट, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 2017 ला गिब्सनने केकवॉक सोनार बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा वर्षानुवर्षं त्यात काम केलेले लोक एका रात्रीत लटकले होते, 2018 ला बँडलॅबने ते घेऊन फुकट दिलं म्हणून निभावलं. म्हणून माझा आता नियम झालाय, गाणं पूर्ण झालं की सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत वेगवेगळे वेव्ह फाइल करून ठेवायचे, टेम्पो नावात लिहायचा. 24 बिट 48 किलोहर्ट्झ मोनो म्हणजे मिनिटाला साधारण 8.6 एमबी, आजच्या डिस्कला ते काहीच नाही. हे वेव्ह कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील, अजून वीस वर्षांनी पण.

कमी कुठे आहे तेही सांगते. रीपरबरोबर वाद्यांचे आवाज जवळपास मिळतच नाहीत, ईक्यू, कंप्रेसर, डिले हे सगळं चांगलं आहे पण ड्रम, पियानो, बेस स्वतः शोधून आणायचे. आणि पहिल्यांदा उघडल्यावर मेन्यूची लांबी बघून छाती दडपते. मी केलं ते असं, अ‍ॅक्शन लिस्ट उघडून फक्त रोजच्या कामांना शॉर्टकट दिले, कापणं, लेन उघडणं, मार्कर, रेंडर (म्हणजे एक्स्पोर्ट), आणि बाकी मेन्यूकडे बघितलंच नाही. नंतर रीपॅक आणि एसडब्ल्यूएस ही दोन एक्स्टेन्शन (रीपरला जादा सोयी देणाऱ्या फुकट जोडण्या) टाकली, ती मात्र टाकाच.

आत्ताची स्थिती: टेम्प्लेट तयार आहे. गिटार फोल्डर, आवाज फोल्डर, हार्मनी फोल्डर, मिडी बेस, ताल, एक छोटा रूम रिव्हर्ब आणि एक लांब प्लेट, दोन्ही सेंडवर. इनपुट असा ठेवलाय की सगळ्यात जोरात गाताना पीक -10 डीबीच्या वर जात नाही, 24 बिटमध्ये तेवढी मोकळी जागा सोडली तरी नॉइजची काळजी करावी लागत नाही. त्या टेस्टच्या गाण्याचा अंतरा कॉम्प होऊन बसलाय, दुसऱ्या अंतऱ्याचे टेक झालेत पण निवडायचे बाकी, हार्मनीची वरची ओळ या आठवड्यात गाणार.

तालासाठी फुकट ब्रश ड्रमची लायब्ररी शोधतेय, हलका हात वाजणारी, ज्यात हळू फटक्यांचे पण वेगळे सॅम्पल आहेत. कोणी वापरत असेल तर नाव सांगा आणि जमलं तर तिची वेलॉसिटी कर्व्ह (किती जोराच्या फटक्याला किती मोठा आवाज ते) कुठे ठेवलीय तेही लिहा.